पुन्हा जुन्या डावाकडे

'जुने ते सोने' असे वडील माणसे सांगतात आणि 'नवे ते हवे' असे मुले म्हणतात. हा वाद घरोघर चालतो. त्यात कोणी कोणती बाजू घ्यावी, हेही वयाप्रमाणे जणू ठरूनच गेलेले असते. आमच्या घरी मात्र गेल्या वर्षी या बाजूंची अदलाबदल झाली. नव्याची बाजू पन्नाशी ओलांडलेला मी हिरिरीने मांडत होतो आणि जुन्याची बाजू माझा तेरा वर्षांचा पुतण्या शांतपणे लढवत होता. वादाचा विषय होता एक खेळ. त्या वादात मी हरलो. आणि हरलो हे बरेच झाले, असे आता मला वाटते. ते का, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

आम्ही भाईंदरला राहतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले, की मिठागरांचे चौकोन, त्यांच्यापलीकडे वसईची खाडी आणि खाडीवरचा रेल्वेचा पूल दिसतो. एकेकाळी या भागात आगरी, कोळी आणि ख्रिस्ती लोकांची लहान लहान गावे होती. १९८५ साली या गावांची मिळून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. आणि पाहता पाहता शेते व माळराने यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मुलांना खेळायला अंगण उरले नाही. तेव्हा त्यांनी आपले अंगण संगणकाच्या पडद्यावर मांडले. माझा पुतण्या आणि त्याचे सवंगडी सुटीच्या दिवशी जो खेळ खेळतात, त्याचे नाव 'एज ऑफ एम्पायर्स', म्हणजे साम्राज्यांचे युग. त्यातही ते खेळतात तो या मालिकेचा दुसरा भाग. हा भाग १९९९ साली निघाला आणि २०१९ साली त्याला नवे, सुबक रूप देण्यात आले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. डावाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूजवळ एक वस्तीची मुख्य वास्तू, तीन गावकरी आणि टेहळणीसाठी एक घोडेस्वार, एवढेच साधारणपणे असते. भोवती अंधार असतो. स्वार जिकडे जाईल तिकडचा मुलूख दिसू लागतो. गावकऱ्यांनी मेंढरे हाकून आणावीत, झाडे तोडावीत, शेती करावी, सोने व दगड खणावेत. या अन्न, लाकूड, सोने आणि दगड अशा चार वस्तूंच्या बळावर घरे, तटबंदी आणि सैन्य उभारावे. गावाचे राज्य होत होत ते चार युगे ओलांडते. सैन्यातही कोणी अजिंक्य नसतो. भालाईत घोडदळाला भारी पडतात, घोडदळ धनुर्धाऱ्यांना भारी पडते आणि धनुर्धारी भालाइतांना भारी पडतात. प्रतिपक्ष काय उभारतो आहे हे ओळखून आपण काय उभारावे, हे प्रत्येक क्षणी ठरवावे लागते. म्हणजे हा खेळ दिसायला लढाईचा असला, तरी प्रत्यक्षात हिशेबाचा, धोरणाचा आणि दूरदृष्टीचा आहे.

पुतण्याच्या वाढदिवसाला मी त्याला याच मालिकेचा तिसरा भाग भेट दिला. तो मुळात २००५ सालचा. २०२० साली त्यालाही नवे रूप मिळाले होते. त्यातील समुद्राच्या लाटा, बंदुकांचा धूर, तोफगोळा लागताच ढासळणाऱ्या भिंती पाहून मी स्वतःच हरखून गेलो. मुलांनी पहिले चार दिवस तो मोठ्या उत्साहाने खेळला. नंतर एका रविवारी मी त्यांच्या खोलीत डोकावलो, तर पडद्यावर पुन्हा तीच मेंढरे आणि तेच तीन गावकरी! मला मनातून वाईट वाटले. भेटवस्तू देणाऱ्याला ती वस्तू कोपऱ्यात पडलेली पाहून जे वाटते, तेच. थोड्याशा घुश्शातच मी विचारले, "अरे, नवे सोडून जुन्यातच का रमता? शिकण्याचा कंटाळा आला वाटते?"

पुतण्याने मान वर न करताच उत्तर दिले, "काका, नव्यात लाकूड आपोआप जमा होतं."

मला ते उत्तर उडवाउडवीचे वाटले. लाकूड आपोआप जमा होत असेल, तर ती सोयच नव्हे काय? सोय नको म्हणून कोणी परत फिरतो, हे माझ्या बुद्धीला पटेना. परंतु त्या एका वाक्याने मला विचाराला लावले. मी चार ठिकाणी विचारपूस केली, मुलांजवळ बसून दोन्ही डाव पाहिले आणि माझ्या ध्यानी आले, की हा केवळ आमच्या घरातला प्रकार नाही. देशोदेशींचे असंख्य खेळाडू तिसरा भाग निघाल्यानंतरही दुसऱ्याच भागाला चिकटून राहिले, किंवा तिसऱ्याची चव घेऊन दुसऱ्याकडे परतले.

याची जी कारणे सहजपणे सांगितली जातात, ती आधी पारखून पाहू. पहिले कारण म्हणजे बाळपणाची ओढ. मनुष्य लहानपणी जे खेळला, तेच त्याला गोड वाटते, असे म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ज्यांनी हा खेळ खेळला, त्या आज चाळिशीकडे झुकलेल्या मंडळींच्या बाबतीत हे खरे असेल. परंतु माझ्या पुतण्याचे काय? दुसरा भाग निघाला तेव्हा त्याचा जन्म झाला नव्हता, आणि तिसरा निघाला तेव्हाही झाला नव्हता. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच जुने आणि दोन्ही सारखेच नवे. आठवणींची साखर त्याच्या जिभेवर नाही.

दुसरे कारण पैशाचे. जुना खेळ स्वस्त असतो आणि साध्या संगणकावर चालतो; सामान्य घरांत हे कारण मोठेच असते. पण २०१९ साली दुसऱ्या भागाला नवे रूप मिळाले, तेव्हा त्यालाही अधिक चांगला संगणक लागू लागला. तरीही खेळाडू त्याच्यामागून गेलेच. तिसरे कारण आळसाचे. मीही पुतण्यावर तोच आरोप केला होता. नवे शिकायचा कंटाळा येतो, म्हणून माणसे जुन्याला धरून बसतात, असा हा आक्षेप आहे. परंतु जी मुले या जुन्या खेळातील एखाद्या युक्तीचा सराव दहा-दहा वेळा करतात, त्यांना आळशी कसे म्हणावे? तेव्हा कारण निराळे असले पाहिजे. आणि ते पुतण्याच्या त्या लाकडाच्याच वाक्यात दडलेले आहे.

दुसऱ्या भागात गावकरी झाड तोडतो, थोडेसे लाकूड खांद्यावर घेतो आणि ते वखारीत नेऊन टाकतो. मग पुन्हा झाडाकडे जातो. ही वखार कोठे बांधायची, हे खेळाडूने ठरवायचे असते. ती रानापासून दूर बांधली, तर गावकऱ्याचा वेळ येरझाऱ्यांतच जातो. ती अगदी रानाला खेटून, पण सीमेजवळ बांधली, तर शत्रूचे स्वार येऊन गावकरी कापून काढतात. झाडे तुटत जातात तसतसे रान मागे सरते आणि वखार पुन्हा दूर पडते. मग नवी कधी बांधायची? साध्या दिसणाऱ्या एका वखारीत अंतर, वेळ, सुरक्षितता आणि भविष्य यांचा असा विचार सामावलेला आहे. शिकारीचेही तसेच. रानडुकराला डिवचून त्याला आपल्या मागे धावायला लावायचे आणि थेट वस्तीपर्यंत आणायचे, म्हणजे मांस वाहून नेण्याचे अंतर वाचते. पण एक क्षण चुकला, तर गावकऱ्याचा प्राण जातो. तिसऱ्या भागाच्या कर्त्यांनी हे वाहून नेणे काढूनच टाकले. गावकरी झाडापाशी उभा राहून घाव घालतो आणि लाकूड आपोआप खजिन्यात जमा होते. खेळ सोपा झाला, वेगवान झाला. परंतु वखारीबरोबर वखारीचा विचारही गेला.

येथे एक शंका येईल. सोय ही मुळातच वाईट का? तसे मुळीच नाही, आणि ते या खेळाच्या इतिहासावरूनच सिद्ध होते. दुसऱ्या भागात प्रारंभी शेताचे पीक संपले, की ते शेत खेळाडूने स्वतः पुन्हा पेरावे लागे. लढाईच्या ऐन गर्दीत दहा-दहा शेतांची आठवण ठेवणे हा निव्वळ जाच होता. २००० साली निघालेल्या पुरवणी भागात पेरणीची आगाऊ तजवीज करता येऊ लागली आणि २०१९ च्या रूपात तर शेते आपोआप पेरली जाऊ लागली. यावर खेळाडू रुसले नाहीत. ते सुखावले. कारण शेत पुन्हा पेरावे की नाही, यात विचार करण्यासारखे फारसे काही नव्हते. ते नुसते कष्ट होते. वखार कोठे बांधावी, ही मात्र कसोटी होती. कष्ट आणि कसोटी या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, कारण दोन्हींत श्रम आहेत. परंतु कष्ट गेले, तर मनुष्य मोकळा होतो. कसोटी गेली, तर तो रिकामा होतो. खेळाडू जुन्याकडे परततो तो जुनेपणासाठी नव्हे, तर त्या हरवलेल्या कसोटीसाठी, असे माझे मत आहे.

वस्तू कोठे ठेवावी या प्रश्नाला युद्धशास्त्रात केवढे महत्त्व आहे, हे आमच्या भाईंदरकरांनी तरी विसरू नये. खाडीपलीकडचा वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम सुरू केली आणि त्याच वर्षी घोडबंदरचे ठाणे घेतले. परंतु वसई तेवढ्याने हाती आली नाही. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ साली आधी धारावी बेटावरचे ठाणे जिंकले. हे धारावी म्हणजे आजच्या उत्तन, डोंगरी, चौक या गावांचा परिसर. तो आता मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. खाडीच्या मुखाशी, वसईच्या बरोबर समोर असलेली ही जागा हाती आल्यावर समुद्रमार्गे वसईला मिळणाऱ्या मदतीवर नजर ठेवता येऊ लागली. त्यानंतर वेढा आवळत गेला, सुरुंगांनी बुरूज उडाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई शरण आली. शौर्य तर होतेच. परंतु कोणती जागा आधी घ्यावी, हा विचार शौर्याच्या आधी झाला होता. आमच्या खोलीतली मुले वखारीच्या जागेवरून हुज्जत घालतात, तेव्हा त्याच विचाराची बाराखडी ती गिरवत असतात.

परतण्याचे दुसरे कारण न्यायाचे आहे. दुसऱ्या भागात नवखा आणि मुरलेला असे दोन खेळाडू समोरासमोर बसले, तरी दोघांच्या पदरी सारखेच गावकरी आणि सारखेच अन्न असते. राज्याराज्यांत थोडेफार भेद असतात खरे. पण कोणते राज्य घ्यावे, याची मुभा दोघांनाही असते. मुरलेल्याजवळ अधिक असते ते ज्ञान. आणि ते त्याने स्वतः मिळवलेले असते. बुद्धिबळाच्या पटावर जशी दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी, तसेच हे. तिसऱ्या भागाच्या मूळ रूपात मात्र खेळाडूला मायदेशातील नगरीकडून डावाच्या मध्यात मदत मागवता येई; आणि जो अधिक डाव खेळला असेल, त्याच्या नगरीचा दर्जा वाढून त्याला मदतीचे अधिक प्रकार खुले होत. म्हणजे नवख्याने चढण ज्ञानाची तर चढायचीच, शिवाय शिदोरीही तोकडी! ही गोष्ट कर्त्यांनाही पुढे जाणवली असावी. २०२० च्या रूपात त्यांनी सर्व मदत सर्वांना प्रारंभापासून खुली केली. पुढे २०२१ साली या मालिकेचा चौथा भाग निघाला, तेव्हा त्यात लाकूड पुन्हा वखारीत वाहून न्यावे लागू लागले. नवे करणाऱ्यांनी जुन्याचा कौल असा दोनदा मान्य केला.

दक्षिण कोरियातील उदाहरण याहूनही बोलके आहे. 'स्टारक्राफ्ट' हा असाच एक धोरणाचा खेळ १९९८ साली निघाला. त्या देशात त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात आणि त्यातील निष्णात खेळाडूंना आपल्याकडच्या क्रिकेटपटूंसारखी कीर्ती मिळे. जुन्या खेळात एका वेळी बारांहून अधिक सैनिकांना एकत्र आज्ञा देता येत नसे. २०१० साली दुसरा भाग आला, त्यात ही मर्यादा गेली. मोठमोठे खेळाडू तिकडे वळले. तथापि काही वर्षांनी त्यांतील अनेक नामवंत पहिल्या भागाकडे परतले आणि त्याच्या स्पर्धा पुन्हा भरू लागल्या. २०१७ साली त्या पहिल्या भागाला नवे चित्ररूप देण्यात आले, तेव्हा कर्त्यांनी रंग उजळले, आकृती रेखीव केल्या. परंतु नियमांना हात लावला नाही. ती बारांची मर्यादाही तशीच ठेवली. बाहेरच्या माणसाला जी अडचण वाटे, ती खेळाडूंच्या दृष्टीने कौशल्याची कसोटी होती.

एवढे वाचून 'जुने ते सोने' या म्हणीचा विजय झाला, असे कोणी समजेल. परंतु ते खरे नाही. आणि याला साक्ष आहे खुद्द बुद्धिबळाची. आपल्या भूमीत जन्मलेला हा खेळ इराण व अरबस्तान यांतून युरोपात पोहोचला, तेव्हा त्यातील वजीर अगदी दुबळा होता. तो तिरका एकच घर सरके. आज आपण ज्याला उंट म्हणतो, त्याच्या जागचे मोहरेही तिरके दोन घरे उडी मारण्यापलीकडे काही करू शकत नसे. डाव रंगात यायला फार वेळ लागे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या दोन मोहऱ्यांना आजचे बळ मिळाले आणि खेळ एकदम सळसळू लागला. त्यानंतर तेथील खेळाडू जुन्या डावाकडे परतले नाहीत. आपल्याकडेही प्यादे आरंभी एकच घर पुढे टाकण्याची देशी रीत होती. आजोबा-पणजोबांच्या पिढ्या ती खेळल्या. आज गावोगावच्या स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियमच चालतात, आणि त्याच नियमांनी खेळून नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. येथे नवे टिकले, कारण बदलाने कंटाळवाणे कष्ट कमी केले आणि विचाराची कसोटी वाढवली. शिवाय सगळ्या जगाला एका पटावर आणले. म्हणजे जुने असो वा नवे, मनुष्य जातो तो कसोटीच्या मागे.

तिसऱ्या भागावर मी अन्याय करू इच्छीत नाही. त्याचेही चाहते आहेत, आणि मायदेशाहून कोणती मदत केव्हा मागवावी, ही त्यांच्या मते मोठीच कसोटी आहे. त्यांना ती तेथे सापडली, तर त्यांनी तेथेच रमावे. माझा आग्रह एवढाच, की जो मागे वळला त्याला मागासलेला म्हणू नये. मागे वळण्याआधी त्याने पुढे जाऊन पाहिलेले असते; आणि जो दोन्ही पाहून निवडतो, त्याच्या निवडीला विचाराचा आधार असतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा खेळ ज्या संस्थेने घडवला, ती अमेरिकेतील संस्था २००९ साली बंद झाली. घडवणारेच गेले म्हणजे खेळही विस्मृतीत जायचा. परंतु खेळणाऱ्यांनी तो जाऊ दिला नाही. त्यांच्यातील काही उत्साही मंडळींनी आपल्या फावल्या वेळात त्यात भर घातली, नवी राज्ये रचली आणि ती भर २०१२ साली सर्वांना खुली केली. ती इतकी उत्तम होती, की २०१३ साली खेळाच्या मालकांनीच तिला अधिकृत मान्यता दिली. त्याच पुरवणीतून भारतीय राज्य या खेळात प्रथम आले; पुढे २०२२ साली त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी निराळी राज्ये आली. वस्तूचा मालक निराळा आणि वारस निराळा. मालकी पैशाने मिळते. वारसा मिळतो तो जपणुकीने आणि स्वतःच्या श्रमांची भर घातल्याने. जुन्याला नुसते कवटाळून बसणारा त्याचा वारस ठरत नाही.

आता हा सगळा विचार खेळापुरताच आहे काय? मला तसे वाटत नाही. मुलांनो, तुमच्यासमोर रोज एखादी नवी सोय येऊन उभी राहते. ती घ्यावी की नाकारावी, हे तिच्या वयावरून ठरवू नका. तिने माझे कष्ट जातात, की माझी कसोटी जाते, एवढे स्वतःला विचारा. घरात नळ आला आणि विहिरीवरून पाणी शेंदण्याचे कष्ट गेले. यात कोणाचेच नुकसान झाले नाही. दुकानदाराने हिशेबाला गणकयंत्र घेतले, तर त्याचे कष्ट वाचतात. परंतु जो अजून गुणाकार शिकतो आहे, त्याने तेच यंत्र घेतले, तर त्याची कसोटीच नाहीशी होते. तयार उत्तरांची पुस्तके बाजारात पूर्वीपासून मिळतात. मागताक्षणी निबंध लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत. सुवाच्य अक्षरात नक्कल करण्याचे कष्ट यंत्राने खुशाल घ्यावेत. पण काय लिहावे हे ठरवण्याची कसोटी आपण त्याच्या हवाली केली, तर लाकूड खजिन्यात जमा होईल. वखार कोठे बांधावी, हे मात्र आपल्याला कधीच कळणार नाही.

खेळालाही वेळेची मर्यादा हवी, हे निराळे सांगायला नको. मध्यरात्रीपर्यंत पडद्यासमोर बसणाऱ्याचा विचार वाढत नाही, डोळे तेवढे शिणतात. आमच्या घरी त्याचा नियम आहे, आणि तो मोडला, तर त्या दिवशी साम्राज्य जागच्या जागी थांबते.

गेल्या महिन्यात पुतण्याने मला आपल्याशी डाव मांडायला बसवले. मी घाईघाईने गावकरी वाढवले, मेंढरे हाकली आणि मोठ्या ऐटीत एक वखार बांधली. थोड्याच वेळात त्याचे स्वार येऊन माझी सारी वस्ती उद्ध्वस्त करून गेले. माझे काही चुकले असे मला वाटतच नव्हते. तो हसला नाही. पडद्यावर बोट ठेवून एवढेच म्हणाला, "काका, वखार लांब पडली. तुमची माणसं नुसतीच चालत होती."

मी पाहिले, तर खरेच तसे होते. आम्ही पुन्हा पहिल्यापासून डाव मांडला.

स्वाध्याय

१. लेखकाच्या घरातील वादात 'बाजूंची अदलाबदल' झाली, असे लेखक का म्हणतो?

२. "नव्यात लाकूड आपोआप जमा होतं" या उत्तराचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

३. कष्ट आणि कसोटी यांतील भेद दाखवणारी दोन उदाहरणे पाठातून व दोन स्वतःच्या अनुभवातून द्या.

४. बुद्धिबळाच्या उदाहरणाने लेखकाने आपल्या मताला कोणती मर्यादा घातली आहे?

५. 'मालक निराळा आणि वारस निराळा' या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.

६. तुमच्या घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एखाद्या बैठ्या खेळाचे नियम विचारा, तो खेळून पाहा आणि त्यात कसोटी कोणती आहे, हे दहा ओळींत लिहा.